तालमूद शिकवायला रब्बी असावं लागतं का?

विद्यापीठात तालमूद, म्हणजे ज्यूंचा धर्मकायदा आणि त्यावरच्या चर्चांचा ग्रंथ, शिकवायचं तर आधी रब्बी (ज्यू धर्मगुरू) व्हावं लागतं का, असं एकाने विचारलंय. आज बहुतेक विद्यापीठांत तशी अट नसते. पण हा प्रश्न उगाच पडलेला नाही. शतकानुशतकं हे साहित्य मुख्यतः येशिवात, म्हणजे ज्यूंच्या पारंपरिक धर्मपाठशाळेत, शिकवलं जायचं. ज्यू साहित्याचे जर्मन अभ्यासक लिओपोल्ड झुन्झ यांनी १८४८ साली बर्लिन विद्यापीठात ज्यू इतिहास आणि साहित्याचं अध्यासन मागितलं, तेव्हा त्यांना चक्क नकार मिळाला. शेवटी ब्रेस्लाऊला १८५४ मध्ये आणि बर्लिनला १८७२ मध्ये ज्यूंच्या स्वतःच्या संस्था सुरू झाल्या. एवढ्या तोलाच्या माणसाला परत पाठवलं, हे वाचून मला अजूनही वाईट वाटतं.

तालमूद वाचायला 'हिब्रू आली की भागतं' असंही त्या प्रश्नात म्हटलंय, ते मात्र पटलं नाही. तालमूदमधला मूळ कायद्याचा भाग, मिश्ना, हिब्रूत आहे, पण बॅबिलोनी तालमूदची गेमारा, म्हणजे मिश्नेवरची चर्चा, बरीचशी अरामी भाषेत आहे. तालमूदच्या बाबा मेत्सिया या प्रकरणाची पहिलीच मिश्ना (मिश्नेतला एक परिच्छेद) घ्या. दोघांनी एकच वस्त्र धरलंय आणि दोघंही म्हणतात, सगळं माझंच. दोघांनी शपथ घ्यायची आणि ते वाटून घ्यायचं, असा निवाडा. येशिवातला विद्यार्थी इथून पानाच्या आतल्या बाजूच्या, राशी या मध्ययुगीन भाष्यकारांच्या टीकेकडे आणि बाहेरच्या बाजूच्या तोसाफोतकडे, म्हणजे त्यांच्यानंतरच्या भाष्यकारांच्या टिपांकडे, वळतो. विद्यापीठात त्याच ओळी म्युनिकच्या १३४२ सालच्या हस्तलिखिताशी ताडून बघाव्या लागतात, मजकुराचा कुठला थर कधीचा ते शोधावं लागतं. दोन्ही सवयी अंगात मुरायला वर्षं जातात, म्हणून अरामी आजच सुरू करा.