'पालकांचा सहभाग: नाही' अशी खूण करण्याआधी विचारतेय

दुसरीच्या_बाई

अकरा वर्षं दुसरीच्या वर्गाला शिकवतेय. वर्षअखेरीच्या नोंदपत्रकात एक रकाना असतो, 'पालकांचा सहभाग'. चांगला, मध्यम, नाही. एका मुलीच्या नावापुढे मी 'नाही'वर खूण केली. उशिरा येते, पहिल्या तासाला पेंगते, गृहपाठ अर्धवट, आणि तिन्ही पालकसभांना घरचं कोणी फिरकलं नाही.

मग ती सलग चार दिवस आली नाही म्हणून घरी गेले. एकच खोली. आई इमारतींची साफसफाई करते, नुकतीच रात्रपाळीहून आली होती. मुलगी तापातून उठलेली. बोलता बोलता भिंतीकडे लक्ष गेलं. खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली, तोंडाशी गाठ, गाठीवर वर रबरबँड. छत गळतं म्हणून मुलीची वह्या-पुस्तकं त्यात. आईला वाचता येत नाही, पण लाल शाई कुठल्या पानावर आहे ते तिला बरोबर ठाऊक होतं. पान उघडून, त्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "बाई, हे चांगलं लिहिलंय का वाईट?"

तो माझाच शेरा होता. 'घरी लक्ष द्यावे.'

सभा दुपारी असतात, आणि त्या वेळेला तिनं दुसरं काम धरलंय. एक खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. मुलांसाठी सरकारकडून दरमहा मिळणाऱ्या मदतीचा अर्जही तिनं केला होता, चौथ्या खेपेनंतर नाद सोडला. दर खेपेला नवाच कागद कमी निघायचा. "मिळायच्या आधीच माझं जास्त गेलं," म्हणाली.

तेव्हापासून मला चैन नाही. परिस्थितीमुळे जमत नाही आणि मुळात लक्षच नाही, यातला फरक तुम्ही कसा ओळखता? आणि सरकारी मदतीनं घरातलं वागणं खरंच बदलतं का?

उरलेला_बूट

बाई, मी त्या खोलीतलाच मुलगा आहे असं समजा. आईनं आम्हा तिघांना एकटीनं वाढवलं. तिसरीत असताना माझा एक बूट हरवला. आईनं मला इतकं मारलं की धाकटी बहीण घाबरून बाहेर पळाली. रात्री जाग आली तेव्हा आई उरलेला बूट मांडीवर घेऊन बसलेली. त्याची नाडी ओवायची, काढायची, परत ओवायची. कोणी त्या दिवशी आमच्या घरी आलं असतं तर 'मारकुटी बाई' अशी नोंद झाली असती, आणि ती खोटी नसती.

दोनेक वर्षांनी तिला दरमहा सरकारी मदत सुरू झाली. रक्कम बेताचीच, पण तारीख ठरलेली. उधारीवाल्याला "अमुक तारखेला देते" असं ती मान वर करून सांगू लागली. माझी छत्रीसुद्धा हरवली नंतर. ओरडली, हात नाही उचलला. बाई तीच होती.

स्पष्ट_बोलतो

राग मानू नका, पण सगळंच परिस्थितीवर ढकललं की त्याच मिळकतीत पोरांना जिवापाड जपणाऱ्या आईवर अन्याय होतो. माझ्या बरोबरचे दोघे, पगार सारखा. एकाची मुलं वेळेवर शाळेत, दुसऱ्याच्या घरी पैसे आले की आधी बाटली. त्याच्या हातात आणखी पैसे देऊन काय होणार?

आकड्यांची_वही

मी सार्वजनिक आरोग्यात काम करते. आधी बाटलीचं. जागतिक बँकेच्या दोन अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या 19 अभ्यासांची छाननी केली. रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च एकूणात वाढलेला दिसला नाही. तुमचा तो एक माणूस खरा असेलच, पण योजना त्याच्याकडे बघून आखली तर मार बाकीच्यांना बसतो.

बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यात जवळचं उत्तर मला अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात सापडतं. 1993 पासून तिथल्या 1,420 मुलांवर लक्ष ठेवलं जात होतं, त्यात चेरोकी आदिवासींची मुलं होती. मध्येच जमातीच्या जागेवर कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीतल्या प्रत्येक कुटुंबाला मिळू लागला. कुणाचं वागणं बघून नाही, सरसकट. ज्यांची गरिबी हटली त्या मुलांचा आक्रस्ताळेपणा, मारामाऱ्या कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आल्या. का, ते शोधलं तर निघालं की आईवडिलांचं मुलांवर लक्ष वाढलं होतं. बाई, तुमचा शेराच की हा! मात्र चिंता आणि नैराश्य यांत फरक पडला नाही, तेही सांगायला हवं.

मदत थांबली की काय होतं, तेही दिसलंय. अमेरिकेनं 2021 मध्ये सहा महिने मुलांमागे दरमहा पैसे थेट खात्यात टाकले. त्या वर्षी तिथली बालगरिबी 5.2 टक्क्यांवर आली. वाढीव मदत बंद झाली आणि 2022 मध्ये 12.4 टक्के.

पण पैसा सगळं करतो असं मी म्हणणार नाही. तिथेच 1,000 गरीब मातांना बाळ जन्मल्यापासून दरमहा रक्कम दिली, काहींना 333 डॉलर, बाकीच्यांना 20. मुलं चार वर्षांची झाली तेव्हा भाषा, आकलन यांत दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. उलट जमैकात 1986-87 मध्ये वाढ खुंटलेल्या 129 बाळांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून तासभर जायची, दोन वर्षं. घरी बनवलेली खेळणी घेऊन आईबरोबर बसायची, बाळाशी खेळायचं कसं ते दाखवायची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. मला यातून एवढंच कळतं की पैशानं श्वास घ्यायला जागा होते, आणि त्या जागेत कोणीतरी शेजारी येऊन बसावं लागतं.

खिडकीच्या_आत

अशाच एका खिडकीमागे मी नोकरी केली. कागद कमी म्हणून परत गेलेला माणूस कुठल्याच नोंदीत येत नाही. अर्ज घेतलाच नाही, तर नाकारला असंही होत नाही. महिन्याच्या अहवालात आमची खिडकी नेहमी चांगली दिसायची. त्या ताईंना सांगा, कागदांची पूर्ण यादी एकदाच लेखी मागायची आणि अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय हलायचं नाही. बरोबर लिहिता-वाचता येणारं कोणी असेल तर खेपा निम्म्यानं कमी होतात.

स्पष्ट_बोलतो

खाड्याचा हिशेब मी केला नव्हता. तरी त्या दुसऱ्या घरातल्या पोरांचं काय, हा माझा प्रश्न राहतोच.

दुसरीच्या_बाई

राहतोच, आणि मला वाटतं तिथेही आधी कोणीतरी घरी जायला हवं. मीही तीन सभा होईपर्यंत गेले नव्हते.

खूण खोडली. 'नाही'च्या जागी लिहिलं: 'आई रात्रपाळीला. सभा सकाळी सातला ठेवल्यास येतील.' मुख्याध्यापकांनी विचारलं, रकान्यात वाक्य कशाला. मी म्हटलं, तीन शब्दांत बसत नाही.

काल पहाटे कामावरून सुटल्या सुटल्या त्या शाळेच्या फाटकाशी आल्या. पायरीवर बसून आम्ही अर्ज पहिल्यापासून भरला. त्यांनी कागद आणले होते, तशाच पिशवीत, गाठ मारून. रहिवासाचा दाखला तेवढा नाही. मंगळवारी मला पहिला तास नाही, त्यांच्याबरोबर मी जाणार आहे. पोच कुठल्या खिडकीवर मागायची, ते 'खिडकीच्या_आत' यांनी जरा सविस्तर लिहावं.