बाळ झाल्यानंतरचे दोन तास

ताई, वहिनीचं बाळंतपण नाशिक जिल्ह्यातल्या पेठला माहेरी करायचं की नाशिक शहरात, असं तुम्ही विचारलंय. वर उत्तर देणाऱ्या सगळ्यांनी कळा सुरू झाल्यावर कधी निघायचं, तेच सांगितलंय. मी प्रसूतिकक्षात नर्स आहे, मला त्यापुढचं सांगायचंय.

बाळ रडलं की घरचे पेढे आणायला पळतात आणि बाईकडे कुणाचं लक्ष राहत नाही. जीवघेणा रक्तस्राव बहुतेक वेळा तेव्हाच होतो. बाळ होताच ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आकसतं. बेंबीपाशी हात ठेवला तर ते नारळासारखं टणक लागायला हवं. मऊ लागलं, पॅड पटापट भिजायला लागले, कमरेखालची चादर ओली लागली, तर लगेच सिस्टरला हाक मारा. बाळंतिणीला झोप लागलीय म्हणून थांबू नका, अंगावरची चादर उचलून बघाच. रक्तस्राव थांबवायचं औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, बाळ झाल्यापासून 3 तासांच्या आत दिलं तरच उपयोगी पडतं, तेही जितकं लवकर तितकं बरं.

आता पेठचं. हिमोग्लोबिन कमी असेल, आधी सिझर झालं असेल किंवा जुळं असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की तारखेच्या आधीच नाशिकला येऊन राहा. रक्तस्राव सुरू झाल्यावर भर पावसात रात्री पेठ-नाशिक रस्त्यावरचा सावळघाट पार करायची वेळ कुणावर येऊ नये. यातलं काहीच नसेल तर पेठलाही हरकत नाही, पण रक्तगट आत्ताच तपासून ठेवा आणि रक्त देऊ शकतील अशा दोघातिघांना सांगून ठेवा. रुग्णवाहिकेचा 108 नंबर घरात सगळ्यांना पाठ हवा.