'ड्राइव्ह स्लो'ला हसणाऱ्यांनी आधी डिक्शनरी उघडावी

तिरकस: परवा इथे कुणीतरी घाटातल्या 'ड्राइव्ह स्लो' पाटीचा फोटो टाकून 'स्लोली हवं, एवढंही येत नाही?' असं विचारलं आणि खाली सगळे खिदळले. डोकंच फिरलं. 'स्लो' क्रियाविशेषण म्हणून शतकानुशतकं चालतंय. शेक्सपियरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये सुरुवातीलाच चंद्र 'स्लो' झिजतो, 'स्लोली' नाही. जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी 'ई' लागून क्रियाविशेषण व्हायचं. तो 'ई' गळला, विशेषण-क्रियाविशेषणाची रूपं सारखी दिसू लागली. मग १७६२ मध्ये इंग्लंडच्या बिशप लाउथने व्याकरण लिहून अशा वापराला अशुद्ध ठरवलं. आपण अजून त्याचीच री ओढतोय.

निवृत्त मास्तर: शेक्सपियर दहावीला बसत नाही हो. पोरं 'हार्ड'ऐवजी 'आय वर्क्ड हार्डली' लिहितात, ते आम्हाला तपासावं लागायचं.

घाटावरची: सर, ते तुमच्यासारख्यांच्याच 'एलवाय लावा' या घोकंपट्टीमुळे! मी अप्रेझलच्या फॉर्मात हेच लिहिलं होतं. साहेब म्हणाले, 'प्रामाणिक आहात!' वर्षभर राबले ते राबले, वर हे. आमच्या मराठी शाळेत कुणी सांगितलंच नाही की 'हार्डली' म्हणजे जेमतेम.

निवृत्त मास्तर: शाळेला दोष देणं सोपं असतं.

कोरडा पाऊस: इंग्रजीचं सोडा. 'ती चांगली गाते' की 'चांगलं गाते'? आपल्या घरात काय जळतंय ते बघा.

तिरकस: 'चांगलं'. गाणं चांगलं, बाई नव्हे.

घाटावरची: आमच्याकडे सगळे 'चांगली गाते'च म्हणतात. आम्ही अशुद्ध का?

कोरडा पाऊस: 'तो चांगला खेळतो' म्हणताना तुमचं शुद्धलेखन कुठे जातं, तिरकसराव? की लाउथ फक्त इंग्रजीत वाईट?

तिरकस: विषय काय, चाललंय काय!

घाटावरची: उत्तर नसलं की विषय आठवतो.

निवृत्त मास्तर: बरं, 'ड्राइव्ह स्लो' चालेल. पाटीवर. पण 'स्लो' सहसा क्रियापदानंतर येतं. 'ही स्लोली ओपन्ड द डोअर'मधला 'एलवाय' काढून दाखवा, मग शेक्सपियर सांगा.

तिरकस: हे मान्य. एवढंच.

कोरडा पाऊस: 'चांगली गाते'वर वेगळा धागा काढलाय. मास्तर, लाल पेन घेऊन या.