पेलेला आहे म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन नाही, थांबावं का?

मांजराकाठचा:
मावसभाऊ काल रात्री केजकडून येताना मोटरसायकलवरून पडला, हेल्मेट हँडलला लटकवलेलं. कपाळाला खोक पडली, टाके घातले. तोंडाला वास येत होता हे खरंय, लपवायचं काय. कॅज्युअल्टीत म्हणले लई पेलाय, उतरली की बोलंल, अन् सलाईन लावून ठेवलं. आता सकाळचे आठ वाजले तरी पठ्ठ्या नुसता हूं हूं करायलाय. थांबावं का सीटीसाठी मागं लागावं? एमएलसी (दवाखान्यातनं पोलिसांकडं जाणारी नोंद) पण झालीय, विम्याचं टेन्शन वेगळंच.

रातपाळीवाली सिस्टर:
थांबू नका, आधी ड्युटी डॉक्टरला गाठा. दारू रक्तातून तासाला दर 100 मिलीमागं साधारण 15-20 मिलिग्रॅम उतरते, म्हणजे रात्रीची असली तर सकाळपर्यंत माणूस हळूहळू जागा व्हायलाच पाहिजे, उलट तो झोपाळूच राहिला तर डोक्यात रक्तस्राव नाही ना हे बघावंच लागतं, दारूवर ढकलून चालत नाही. उलट्या झाल्या का, एका बाजूचा हातपाय कमी हलतोय का ते सांगा. शुगर पण बघायला लावा, उपाशीपोटी पेलेल्याची पडते. अन् मान हलवू नका, पेलेल्याला दुखतच नाही, मोडलेला पाय घेऊन चालत आलेले बघितलेत मी.

गोदाकाठ:
रोजचा पिणारा आहे का? असंल तर कितीची सवय आहे ते डॉक्टरला खरं सांगा. आपले लोक "कधीमधी घेतो" म्हणतात अन् दारू अचानक तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वॉर्डात थरथर, भिंतीवर किडे दिसणं, फिट. मग घरचे म्हणतात बाहेरचं लागलं!

वकीलसाहेब:
अपघाताची एमएलसी होतेच, घाबरू नका. पिऊन गाडी चालवण्याच्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम 185 ला रक्तात दर 100 मिलीला 30 मिलिग्रॅमच्या वर दारू लागते, तीही तपासणीत निघालेली, नुसत्या वासावर नाही. विमा कंपनी मात्र केसपेपरवरचा "वास येतो" एवढा शेरा धरून पण क्लेम अडवायला बघते, म्हणून सगळ्या कागदांच्या झेरॉक्स घ्या. पण हे नंतरचं.

मांजराकाठचा:
भांडून सीटी करून घेतला. कवटीच्या आत रक्त साचलंय म्हणले, 108 नं लातूरला न्यूरोसर्जनकडं न्यायलोत. रोज घेतो हे पण सांगितलं, मावशी चिडली माझ्यावर.

रातपाळीवाली सिस्टर:
चिडू द्या. सीटीच्या फिल्म अन् रेफर चिठ्ठी हातात घ्या, मोबाईलमधल्या फोटोवर राहू नका. तोंडानं काही देऊ नका, चहा पण नाही, ऑपरेशन लागू शकतं.