मदत हवी आहे: बोनिफासियोबद्दल आजच्या फिलिपिनो लोकांना काय वाटतं?

नमस्कार मंडळी. ३० नोव्हेंबरला फिलिपिन्समध्ये बोनिफासियो दिन असतो, त्यानिमित्त एक मराठी भित्तिपत्रक तयार होतंय. राष्ट्रनायक लेखक होसे रिझालची पुण्यतिथी पाळतात (३० डिसेंबर), पण स्पेनविरुद्धच्या क्रांतीचा नेता आंद्रेस बोनिफासियो याची जयंती. १० मे १८९७ रोजी त्याला स्पॅनिशांनी नाही, क्रांतीतल्याच लोकांनी मारलं. मृत्यूचा दिवस साजरा करायचा तर हे उकरावंच लागेल, नाही का?

चित्र निवडताना हमखास चूक होते. लाल विजार, उघडी छाती, हातात बोलो (कोयत्यासारखं पातं) ही नंतर रूढ झालेली प्रतिमा. त्याच्या ज्ञात छायाचित्रात तो कोट घालून आहे. कालोओकान शहरातलं शिल्पकार तोलेन्तिनोचं १९३३ चं स्मारक त्यामुळे जास्त बरं. त्याच्या गुप्त क्रांतिकारी संघटनेचं नाव ‘कातिपुनान’ असं लिहा, स्थापना ७ जुलै १८९२.

आता अडचण. क्रांतिकारकांच्या तेहेरोस इथल्या सभेत (२२ मार्च १८९७) वकिलीची पदवी नाही म्हणून त्याच्या निवडीवर आक्षेप घेतला गेला. आज कामगार संघटना त्याच्या दिवशी मोर्चे काढतात, आणि त्याचंच नाव मेट्रो मनिलातल्या चकचकीत बोनिफासियो ग्लोबल सिटी या व्यापारी भागाला आहे! रिझालचा अभ्यास १९५६ च्या कायद्याने सक्तीचा, याचा नाही.

जहाजावर किंवा आखातात फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत काम करणाऱ्यांनी विचारून सांगाल का: पाच पेसोच्या नाण्यावरचा हा माणूस त्यांना गरिबांचा नेता वाटतो, की नुसती सुट्टी? कोणत्या प्रांताचे तेही लिहा. काविते हा आगिनाल्दोचा (ज्याच्या गटाने बोनिफासियोला मारलं तो क्रांतिनेता) प्रांत, तिथलं उत्तर वेगळं येऊ शकतं.