अंदमानातील खारफुटी आईला दाखवायची आहे, मार्गदर्शन हवे

सर्वांना नमस्कार. आम्ही नागपूरचे. पेंच आणि ताडोब्याची सागवानी जंगले आईने अनेकदा पाहिली आहेत, परंतु भरतीचे खारे पाणी मुळांशी घेऊन उभे राहणारे जंगल तिने वयाच्या ६८ व्या वर्षापर्यंत पाहिलेले नाही, आणि ते तिला दाखवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जानेवारीत बाराटांग बेटावर जाऊन, खारफुटीच्या खाडीतून होडीने चुनखडीच्या गुहांकडे जाण्याचा विचार आहे. वाटेत जारवा आदिवासींचे राखीव क्षेत्र लागत असल्याने वाहने ठरावीक वेळीच एकत्र सोडतात आणि तेथे थांबण्यास व छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, हे ठाऊक आहे. ती मनाई मला योग्यच वाटते.

आईचे गुडघे दुखतात. होडीतून उतरल्यावर गुहेपर्यंतची पायवाट तिला झेपेल का? की गुहा सोडून मध्य अंदमानातील रंगत गावाजवळच्या धनी नाल्यातील लाकडी पायवाटेवरूनच खारफुटी निवांत पाहावी? ओहोटीला कांदळ या खारफुटीच्या झाडाची कमानदार आधारमुळे उघडी पडतात आणि मला तीच तिला जवळून दाखवायची आहेत. तेव्हा भरती-ओहोटीची वेळ साधून दिवस कसा आखावा, हे तेथे वयस्कर मंडळींना घेऊन गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.