आठ ग्रंथालयं, एकच कोहा आणि 41 आयटम टाइप: सुरुवात कुठून करू?

दाखल_नोंद:
नमस्कार मंडळी. आमची आठ ग्रंथालयं एकाच कोहावर, म्हणजे ग्रंथालयाचं कामकाज चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, येतायत आणि कोड जुळवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आजवर प्रत्येकाचं सॉफ्टवेअर वेगळं, दोन ठिकाणी तर दाखल नोंदवहीवरच (आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन लिहायची वही) कारभार, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या सोयीने कोड पाडलेत. सगळे एकत्र ओतले तर 41 आयटम टाइप, म्हणजे देण्याच्या वस्तूंचे प्रकार, झाले! कादंबरी वेगळा टाइप, चरित्र वेगळा, 'मोठं कपाट' नावाचा एक टाइप, देणगीत आलेल्या पुस्तकांचा अजून एक.

मागच्या आठवड्यात टेस्ट सर्व्हरवर दोन ग्रंथालयांचा डेटा चढवला आणि एकाची जवळजवळ सगळी पुस्तकं 'देता येणार नाही' दाखवायला लागली. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की एकाकडे 'आर' म्हणजे रेफरन्स आणि दुसऱ्याकडे 'आर' म्हणजे रेग्युलर. रेफरन्सचा नियम आधी टाकला होता, तो सगळ्यांना लागला.

नियमांचं पण तसंच आहे, कुठे 7 दिवस, कुठे 15, कुठे महिनाभर, दंड कुठे रोजचा तर कुठे आठवड्याचा. आधी कोड एक करू का आधी नियम? आणि प्रत्येक ग्रंथपालाला आपलंच बरोबर वाटतंय, त्यांना न दुखावता हे कसं करायचं ते पण सांगा. कुणी केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

देवघेव_काउंटर:
केलंय आम्ही, थोड्या कमी ग्रंथालयांत, आणि पहिल्या वेळी चुकलोही, म्हणून मोठं लिहितोय.

आधी कोड का आधी नियम, तर आधी नियम. म्हणजे नियम ठरवायचे असं नाही, आधी नुसते विचारायचे. प्रत्येक टाइपसमोर एकच प्रश्न लिहा: ही वस्तू बाकीच्यांपेक्षा वेगळ्या पद्धतीने दिली जाते का? मुदत वेगळी, दंड वेगळा, रिन्यू होत नाही, एका वेळी एकच मिळते, असं काही आहे का? नसेल तर तो आयटम टाइप नाहीच. कादंबरी आणि चरित्र दोन्ही 15 दिवसांना जात असतील तर दोन्ही 'पुस्तक'. कादंबरी आहे हे कलेक्शन कोडमध्ये सांगा, मोठ्या कपाटात आहे हे शेल्विंग लोकेशनमध्ये. कोहात आयटमची माहिती 952 फील्डमध्ये असते, तिथे वाय म्हणजे आयटम टाइप, 8 म्हणजे कलेक्शन, सी म्हणजे लोकेशन, अशी तीन वेगळी घरं आधीच बांधून ठेवलेली आहेत. आपण सगळं सामान एकाच घरात कोंबतो म्हणून 41 होतात. देणगीचं पुस्तक हे तर मिळालं कुठून एवढंच सांगतं, देण्याघेण्याशी त्याचा संबंधच नाही.

आकडा मांडून दाखवा सगळ्यांना. नियमांचा तक्ता म्हणजे ग्रंथालय गुणिले सभासद वर्ग गुणिले आयटम टाइप. तुमचे सभासद वर्ग समजा 6 असले तर 8 गुणिले 6 गुणिले 41 म्हणजे 1968 चौकटी, त्या कोण सांभाळणार? टाइप 9 वर आले आणि नियम सगळ्यांना एकच ठेवला तर 54. हे फळ्यावर लिहिलं तेव्हा आमच्याकडची निम्मी भांडणं तिथेच मिटली.

न दुखावण्याचं म्हणाल तर त्यांना हे नीट सांगा की कोड एक केला म्हणजे नियम एक केला असं होत नाही. डीव्हीडीचा कोड आठही ठिकाणी एकच, पण एका ग्रंथालयाला ती 3 दिवसांनाच द्यायची असेल तर तेवढ्या शाखेपुरता वेगळा नियम टाकता येतो. आमचे एक ज्येष्ठ ग्रंथपाल हे कळल्यावरच राजी झाले, तोपर्यंत त्यांना वाटत होतं की आपलं ग्रंथालयच आपल्या हातातून चाललंय, आणि त्यांचं ते वाटणं मला तरी अगदी रास्त वाटतं.

रात्रीचा_क्रॉन:
वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन, फक्त शाखेपुरत्या नियमात एक खड्डा आहे तो सांगतो. कोहा नियम शोधताना आधी त्या शाखेचे नियम बघतं, आणि शाखेचा कुठलाही लागू होणारा नियम सापडला की 'सर्व ग्रंथालयं'च्या तक्त्याकडे जातच नाही. म्हणजे एखाद्या शाखेने हौसेने 'सर्व सभासद, सर्व टाइप, 30 दिवस' अशी एक ओळ टाकली की तुमचा सामाईक डीव्हीडीचा 7 दिवसांचा नियम त्या शाखेत संपला, डीव्हीडी पण 30 दिवसांना जायला लागणार, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. शाखेला अपवाद द्या पण नेमका द्या, 'सर्व-सर्व' ची ओळ टाकू देऊ नका.

दुसरं म्हणजे रिकामी चौकट. एका वेळी किती पुस्तकं न्यायची ती चौकट रिकामी सोडली तर कोहा ते 'अमर्याद' समजतं, शून्य नाही. संदर्भ ग्रंथांना शून्य टाकायचं राहिलं तर ते खुशाल बाहेर जातील. संदर्भ ग्रंथांना मी तर टाइपवरच 'देण्यासाठी नाही' ची खूण करून ठेवतो.

पानावर_खूण:
मी ग्रंथपाल नाही, दोन शाखांत जाणारी वाचक आहे. एकच सांगते, नियम कुठल्या शाखेचा लागणार ते आधी ठरवा आणि वाचकांना कळू द्या. मी एकाच दिवशी दोन पुस्तकं घरी आणली, एक माझ्या शाखेतून आणि एक दुसऱ्या शाखेतून मागवलेलं, दोन्ही एकाच काउंटरवर एकाच ताईंनी दिली. एकाला 15 दिवस, दुसऱ्याला 7. मी दोन्ही पंधराव्या दिवशी घेऊन गेले आणि दंड बसला. रक्कम काही मोठी नव्हती, पण लोकांसमोर 'उशीर झाला तुमचा' हे ऐकायला फार वाईट वाटतं हो, तेही चूक नसताना. त्या ताईंना पण सांगता येईना की असं का.

देवघेव_काउंटर:
ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, हे आम्हा लोकांना तक्त्यात दिसत नाही. याची किल्ली 'सर्ककंट्रोल' नावाच्या सेटिंगमध्ये आहे. नियम वस्तूच्या मालक ग्रंथालयाचा, का सभासदाच्या ग्रंथालयाचा, का ज्या काउंटरवर व्यवहार झाला त्याचा, या तिनातून एक निवडायचं असतं. आम्ही वस्तूच्या मालकाचा ठेवला, कारण ज्याचं पुस्तक त्याची चिंता, आणि तसं नसतं तर कुणी पुस्तकं द्यायला तयारच झालं नसतं.

रात्रीचा_क्रॉन:
इथे माझं मत वेगळं आहे. सभासदाच्या ग्रंथालयाचा नियम ठेवला तर वाचकाला एकच नियम लक्षात ठेवावा लागतो, ताईंच्या बाबतीत तो दंड बसलाच नसता. मालकाची काळजी असेल तर साध्या पुस्तकाची मुदत आठही जणांनी एकच करावी, म्हणजे हा प्रश्न फक्त डीव्हीडी वगैरे थोड्या वस्तूंपुरता उरतो. मुदत एक करायला बैठकीत जो त्रास होईल तो एकदाच होईल, पण काउंटरवरचा रोज होतो.

दाखल_नोंद:
खूप खूप आभार सगळ्यांचे. ताईंचा किस्सा मी बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. काल बसून 41 चे 11 झाले. एक अडलंय, पुस्तकासोबत सीडी येते त्याचं काय? तीन ठिकाणी वेगळा टाइप आहे, बाकीकडे सीडी काढून कपाटात ठेवतात. आणि बारकोडचं पण विचारायचं राहिलं, दोन ग्रंथालयांनी नुसता दाखल क्रमांकच बारकोड म्हणून छापलाय, त्यामुळे 10452 दोघांकडे आहे.

रात्रीचा_क्रॉन:
सीडी पुस्तकाबरोबरच जात असेल तर टाइप 'पुस्तक'च, आणि आयटमवर 'सोबत 1 सीडी' अशी नोंद टाका, ती देताना-घेताना काउंटरवर दिसली पाहिजे एवढं बघा. वेगळी दिली जात असेल तर वेगळा आयटम, वेगळा बारकोड. मात्र आयटम टाइप आयटमवरून घ्यायचा असं सेटिंग असू द्या, ग्रंथाच्या नोंदीवरून घेतला तर त्या सीडीलाही पुस्तकाचाच नियम लागेल.

बारकोड एका डेटाबेसमध्ये दोनदा चालतच नाही, त्यामुळे चढवायच्या आधीच एकाचे बदलावे लागतील. नवीन छापणारच असाल तर ग्रंथालयांत रुळलेला 14 अंकी नमुना घ्या: पहिला अंक वस्तूला 3 आणि सभासदाला 2, पुढचे चार संस्थेचे, मग आठ अंकी क्रमांक आणि शेवटी तपासणीचा अंक (आकडा चुकीचा वाचला गेला तर पकडणारा). त्यात काउंटरवर पुस्तकाच्या जागी चुकून सभासदाचं कार्ड स्कॅन झालं तर लगेच कळतं. दाखल क्रमांक त्या आठ अंकांत पुढे शून्यं लावून बसतो, म्हणजे 10452 चं 00010452, त्यामुळे नोंदवहीशी नातं तुटत नाही.

देवघेव_काउंटर:
आणि एक, कोड बदलायच्या आदल्या दिवशी जुना कोड-नवा कोड असा तक्ता करून जपून ठेवा. कोहा प्रत्येक व्यवहाराच्या वेळी जो टाइप होता तोच आकडेवारीत लिहून ठेवतं, नंतर बॅचने आयटम बदलले तरी जुन्या ओळी तशाच राहतात. वार्षिक अहवालात अर्ध्या वर्षाची 'कादंबरी' आणि अर्ध्या वर्षाचं 'पुस्तक' असं येईल, तेव्हा तो तक्ता लागतो. तसंच त्या दिवशी जी पुस्तकं वाचकांकडे असतील त्यांची परतीची तारीख बदलत नाही, पण दंड नव्या नियमाने मोजला जातो, म्हणून आम्ही नवा नियम लावल्यापासून पहिला महिनाभर दंड बंदच ठेवला होता.

दाखल_नोंद:
हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. महिनाभर दंड बंद ठेवायचं पत्र आजच टाइप करते, आठही सह्या मिळाल्या की इथे कळवते.